खरपूस

तारांगणात तिला सगळे ताईच म्हणायचे, तिकीट फाडणाऱ्यापासून संचालकांपर्यंत. तिचं काम एकच. घुमटाखाली अंधार झाला की माईक हातात घ्यायचा आणि लोकांना आकाश दाखवायचं. यंत्रं नवी आली, खुर्च्या बदलल्या, पण ताईचा आवाज तोच राहिला आणि तिच्या कार्यक्रमातला शेवटचा ताराही.

"सप्तर्षींची शेपटी दिसतेय ना? तिचा बाक तसाच पुढे ओढत न्या," ती सांगायची आणि उजेडाचा बाण हळूहळू सरकवायची. "हा बघा. नारिंगी, ठसठशीत. आपला स्वाती. फार जुन्या ग्रंथांत याचंच नाव निष्ट्या. ग्रीकांना तो अस्वलाचा राखणदार वाटला, अरबांना भाला घेतलेला शिपाई. दूर बेटांवरचे दर्यावर्दी याला आनंदाचा तारा म्हणतात. तो बरोबर डोक्यावर आला की त्यांना घरची वाट सापडायची." मग ती जरा थांबायची. "आणि माझे बाबा जहाजावर आचारी होते. ते म्हणायचे, कांदा परतावा तर नेमका या रंगावर. म्हणून आमच्या घरात याचं नाव खरपूस."

इथे हमखास हशा पिकायचा. ताईलाही बरं वाटायचं.

हे नाव तिला लहानपणी मिळालं होतं. बाबा जहाजावरून परतले की पहिल्याच संध्याकाळी तिला खांद्यावर बसवून गच्चीवर न्यायचे. "हे नाव जगात दोघांनाच माहीत. तुला नि मला. आईलासुद्धा सांगायचं नाही, काय?" ती मान डोलवायची. बाकीच्या मुलींचे बाप रोज संध्याकाळी घरी यायचे. हिचा बाप वर्षातला निम्माअधिक काळ पाण्यावर. पण त्या मुलींकडे स्वतःचा तारा नव्हता. शाळा, कॉलेज, पुढे ही नोकरी, सगळं त्या एका ताऱ्याच्या नादाने झालं. कार्यक्रमात ते नाव घालायचं ठरलं तेव्हा तिने बाबांना विचारलं होतं. ते लसूण सोलत होते. "कशाला उगाच? लोक हसतील," एवढंच म्हणाले. ताईला वाटलं, लाजले.

त्या दिवशी दुपारी एका शाळेची सहल आली होती. कार्यक्रम संपला, दिवे लागले, मुलं गलका करत बाहेर पडली. त्यांच्या बाई मात्र शेवटच्या रांगेत तशाच बसून राहिल्या. ताईहून थोड्या मोठ्या, केस अर्धे पांढरे, मांडीवर मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांची पिशवी.

"बरं वाटत नाहीये का?" ताईने जवळ जाऊन विचारलं.

"ते नाव," बाई म्हणाल्या. "खरपूस. तुमच्या बाबांनी ते कुणाकडून ऐकलं?"

"ऐकलं कसलं, त्यांनीच ठेवलं. का हो?"

बाईंनी पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. "माझेही बाबा जहाजावर आचारी होते. तेही असंच म्हणायचे. कांद्यापासून सगळं, अगदी शब्दाला शब्द." मग त्या ओशाळं हसल्या. "एकाच जहाजावर असतील दोघं. एकाचं दुसऱ्याने उचललं असेल."

"असेल की," ताई म्हणाली.

बाई जायला उठल्या आणि दोन पावलांवर परत वळल्या. "एक विचारू? वेडेपणा वाटेल. तुमचे बाबा शिंक यायच्या आधी भिंतीला हात लावतात का? जहाज हलत असल्यासारखा?"

ताई एकदम हसली. घरातला जुना विनोद होता तो. "लावतात ना! भिंत नसली तर आईचा खांदा धरतात."

हसू ओठांवर असतानाच तिला बाईंचा चेहरा दिसला.

"लावतात," बाई हळूच म्हणाल्या. "'लावायचे' नाही म्हणालात."

"म्हणजे?"

"माझे बाबा बुडाले. मी सातवीत होते. आईने सांगितलं, जहाज वादळात सापडलं." बाईंनी खुर्चीची पाठ धरली. "ते जिवंत आहेत?"

बाहेर मुलं बसमध्ये चढत होती, कुणीतरी बाईंना हाका मारत होतं. ताईला खोटं बोलता आलं असतं. जगात खूप आचारी आहेत, खूप जण शिंकतात. पण जीभ रेटेना. तिने नुसतीच होकारार्थी मान हलवली. बाईंनी पिशवी उचलली, आपला फोन नंबर सांगितला आणि मुलांना ओरडत, रांगेत उभं करत निघून गेल्या. त्यांच्या आवाजात किंचितही फरक नव्हता, याचं ताईला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

ती अर्धी रजा टाकून घरी गेली. बाबा बाल्कनीत बटाटे सोलत बसले होते. वय झालं तरी सुरी सोडली नव्हती त्यांनी. साल अशी निघायची की पलीकडचं दिसावं.

"लवकर आलीस?"

"बाबा, खरपूस अजून कुणाला सांगितलं होतंस?"

सुरी थांबली. त्यांनी 'काय?' विचारलं नाही, 'कसलं?' विचारलं नाही. तिथेच ताईला उत्तर मिळालं.

"कोण भेटलं?" त्यांनी विचारलं.

"ती शाळेत शिकवते. माझ्याहून मोठी आहे." स्वतःचंच वाक्य कानावर पडलं तशी ती थबकली. मोठी आहे. म्हणजे गच्चीवर, खांद्यावर बसून, कानात मिळालेलं ते नाव आधीच एकदा वापरून झालेलं होतं. "म्हणजे ते तिच्यासाठी ठेवलं होतंस. मला उतरवलेलं मिळालं."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

बाबांनी हातातल्या बटाट्याचा एक डोळा सुरीच्या टोकाने काढला. "दुसरं काही सुचलं नाही," ते म्हणाले.

मग तुटक तुटक बाकीचंही त्यांनी सांगितलं. त्यांचं बंदराच्या गावी दुसरं बिऱ्हाड होतं, वर्षानुवर्षं ते घरी तारखा खोट्या सांगत होते, हे सगळं ताईने कदाचित गिळलंही असतं. जगात होतं असं. पण सुचलं नाही? तिने सगळं आयुष्य ज्याच्यावर रचलं, ते एका माणसाला दुसरं काही न सुचल्यामुळे तिच्या वाट्याला आलं होतं.

आत आई उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. ताई तिच्याकडे वळली. कुशीत घेईल, दोघी मिळून रडतील, असं काहीतरी तिला वाटलं असावं.

"आई, याने..."

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "तू पहिलीत होतीस तेव्हापासून. मी गेले होते तिकडे. त्या बाईला म्हटलं, तुझ्या मुलीला सांग, बाप गेला म्हणून. रोज वाट बघण्यापेक्षा एकदाच रडू दे."

"तू सांगितलंस?"

"मग काय तुला सांगायला हवं होतं?" आईचा आवाज चढला. "तुझा बाप तुझ्यासाठी घरी राहिला. तो मी ठेवून घेतला. कसा, ते विचारू नकोस."

ताई चपला घालून खाली उतरली आणि अंधार पडेपर्यंत नुसती चालत राहिली. सगळ्यांनी मिळून तिला जपलं होतं. जपताना कुणाला तरी बुडवलं होतं, एवढंच.

आठवडाभराने तिने बाईंना फोन केला आणि आईचं बोलणंसुद्धा न लपवता सांगितलं. घरचा पत्ताही दिला. "माझ्या आईने मरेपर्यंत तोंड उघडलं नाही," बाई म्हणाल्या. "आता भांडू तरी कुणाशी?" त्या येणार नाहीत, असंच ताई धरून चालली होती. पण एका रविवारी सकाळी दार वाजलं.

दार बाबांनीच उघडलं. "कोण हवंय?"

"ताई आहेत का?"

"आहे ना, या की. बसा." आणि ते पाहुण्यांसाठी खुर्ची पुढे ओढू लागले.

त्यांनी ओळखलं नव्हतं. आईने ओळखलं. ती स्वयंपाकघराच्या दारातून एकदा बघून मुकाट्याने आत वळली. तिने चहा केला आणि सगळ्यात चांगला कप बाईंच्या पुढे ठेवला. ठेवताना बशी वाजली. मुलं, शाळा, परीक्षा अशा गप्पा झाल्या. बाबा मध्येमध्ये हं हं करत होते. मग बाई कशावर तरी हसल्या आणि बाबांचा चेहरा हळूहळू पडत गेला. ते टेबलाला धरून उठले.

"मोठी झालीस," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर झाले."

बाईंनी चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, आईला "येते" म्हटलं आणि उठल्या. ताई त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेली. दोघींनी एकमेकींची चौकशी केली. मधुमेह दोघींनाही होता, त्यावर थोडं हसणं झालं. पुन्हा भेटायचं ठरलं, पण बाहेर कुठेतरी. या घरात नको, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं.

ताई वर आली. आई नळाखाली तोच एक कप केव्हाची धूत होती. बाबा खुर्चीत पाठ वाकवून बसले होते.

"परत येईल का गं ती?"

ताईने लहानपणापासून त्यांना अरे-तुरे केलं होतं. घरातल्या बाकी कुणाला ती मुभा नव्हती.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "तुमची मुलगी आहे, तुम्हीच विचारा."

बाबांनी दचकून वर पाहिलं. ती तोवर आपल्या खोलीत गेली होती आणि तिने कडी लावून घेतली होती.