मतभेद राखून

कावळा पिंडापासून हातभर अंतरावर उतरला. मान वाकडी करून त्यानं भाताकडं एकदा या डोळ्यानं, एकदा त्या डोळ्यानं पाहिलं, उड्या मारत मागं सरकला आणि परत बाभळीवर जाऊन बसला. तिथं त्याचे भाऊबंद आधीपासून बसलेले होतेच.

"पाहिलंत?" गुरुजी म्हणाले. "भूक आहे, पण शिवत नाही. काहीतरी इच्छा राहिलीय."

भोगावतीच्या काठावर ऊन चढत होतं. गोपाळकृष्णानं नुकत्याच तासलेल्या डोक्यावर ओला पंचा घेतला. नारायणरावांना मुलगा नव्हता, म्हणून पुतण्या या नात्यानं दहाव्याचं सगळं त्याच्याकडं आलं होतं, आणि त्याला दुपारची लातूरची एसटी गाठायची होती. नारायणरावांची एकुलती मुलगी, शामला, जरा मागं पायरीवर उभी होती. बायकांनी दहाव्याला नदीवर यायची त्यांच्या घरात रीत नव्हती. पण शामला सोलापूरच्या शाळेत शिकवत होती, तिनं पुष्कळ वाचलं होतं, आणि सकाळी ती सरळ टांग्यात येऊन बसली तेव्हा तिला खाली उतर म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती.

गोपाळकृष्णानं हात जोडले. "काका, शामलाताईची काळजी करू नका. आम्ही आहोत."

शामलानं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या दोन्ही मुलांची मॅट्रिक तिच्याच घरी राहून झाली होती. हे कावळ्यांनाही ठाऊक असावं. एकही हलला नाही.

"काका, पावसाआधी माळवदावर माती टाकून घेतो."

एका कावळ्यानं फांदीवर चोच घासली.

"काका, वर्षश्राद्ध गाणगापूरला करू."

काही नाही. शामलाचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. कावळे शिवतात ते भुकेनं आणि शिवत नाहीत ते भीतीनं, असं तिनं मुलींना वर्गात सांगितलंही होतं. आता मात्र ती बाभळीवरून नजर काढू शकत नव्हती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळून गुंडाळून तिचं बोट पांढरं पडलं होतं.

वाचनालयाचे चिटणीस बाबूराव घसा खाकरत पुढं आले.

"मला वाटतं, वाद राहिलाय."

"कसला वाद?" गोपाळकृष्ण दचकला. "आमच्या भावकीत काही नाही हो तसलं."

"भावकीतला नव्हे. अणुबॉम्बचा."

सगळ्यांच्या माना चन्नबसप्पांकडं वळल्या.

चन्नबसप्पा सरकीचे व्यापारी. कपाळावर विभूती, डोक्यावर रुमाल. लांबच्या एका दगडावर ते छत्री उघडून बसले होते. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले नारायणराव आणि हे, दोघं रोज संध्याकाळी उस्मानाबादच्या वाचनालयात भेटत. सोलापूरहून एसटीनं वर्तमानपत्र आलं की त्याचं एकेक पान वाटून घेत आणि दिवेलागणीपासून भांडत. भारतानं अणुबॉम्ब करावा, हे चन्नबसप्पांचं मत. करू नये, हे नारायणरावांचं. व्हिएन्नात अणुशक्तीचं मंडळ निघालं, जिनीव्हात निःशस्त्रीकरणाच्या बैठका बसल्या, प्रत्येकाचा निकाल आधी या टेबलावर लागे. मॉस्कोच्या चाचणीबंदी करारावर सह्या झाल्या त्या दिवशी नारायणरावांनी वाचनालयात पेढे वाटले. चन्नबसप्पांनी पेढा घेतला आणि करार नाकारला.

"कागदानं काय व्हतंय, ते निजामाच्या टायमाला बघितलं न्हाय का?" ते म्हणत. "जैसे थे करार केला. आन् रझाकार काय घरात बसले?"

"बरं, मग ते गेले कशानं?" नारायणराव चष्मा पुसत विचारत. "अणुबॉम्बनं?"

इथं चन्नबसप्पा नेहमी पाणी प्यायला उठत.

मग चौसष्टच्या ऑक्टोबरात चीननं बॉम्ब फोडला. बाबूरावांनी जाहीर वादविवाद ठरवला, फळ्यावर दोघांची नावं लिहिली. आणि नारायणरावांनी अंथरूण धरलं. सभा तहकूब झाली. चन्नबसप्पा रोज बघायला येत, पण डॉक्टरांनी वाद घालायची मनाई केली होती. त्यामुळं दोघं थंडीबद्दल बोलत. इतकं दीनवाणं बोलणं शामलानं त्या दोघांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मी काय करायचं म्हणता त्यात?" चन्नबसप्पांनी दगडावरूनच विचारलं.

"एवढंच म्हणा," बाबूराव म्हणाले, "की नारायणराव, तुमचं बरोबर होतं, बॉम्ब करू नये. की सुटले ते."

"ते जमायचं न्हाय."

"अहो, गेलेल्या माणसासाठी—"

"जित्तेपणी म्हणलो न्हाय ते आता म्हणू? कावळ्यापायी देशाचं धोरण बदलत न्हाय, बाबूराव. आन् हे कावळ्याचं तुमचं. आमच्यात माणूस गेला की शिवाला मिळाला. अपील न्हाय, तारीख न्हाय. ह्या करारावर आमची सही कधी झाली?"

गुरुजींनी सूर्याकडं पाहिलं आणि पिशवीतून दर्भ काढला. "राहू द्या. दर्भाचा कावळा करतो, त्याचा स्पर्श करवू. शास्त्राला चालतं."

चन्नबसप्पा छत्रीसकट उठले.

"गवताचा कावळा? नारायणरावांच्या पिंडाला? फोर्मोसाच्या बेटाला चीन म्हणून युनोत बसवलंय, तसं? न्हाय चालायचं. यायचा तर खरा येऊ द्या."

"मग तुम्ही बोला तरी!" गोपाळकृष्ण रडकुंडीला आला. "माझी गाडी आहे हो."

बाबूरावांनी हयातभर वर्तमानपत्रांच्या घड्या घातल्या होत्या. अशा वेळी काय करायचं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चन्नबसप्पांना परत दगडावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि आवाज खाली आणला.

"'सध्या करू नये' असं म्हटलं तर?"

"सध्या म्हंजे कुठवर?"

"परिस्थिती बदलेपर्यंत."

"परिस्थिती ऑक्टोबरातच बदलली."

"बरं. 'अणू शांततेच्या कामाला वापरावा' असं घालू."

"ते त्यांना बी मान्य व्हतं, मला बी व्हतं. त्यात वाद कसला?"

"म्हणूनच तर घालतोय."

चन्नबसप्पांनी विचार केला. "माझे मतभेद राखून, हे आलं पायजे."

"येईल."

"सुरुवातीलाच."

"मधे घालू. सुरुवातीला आदर येतो."

"थोडक्यात करा," गुरुजी लांबून ओरडले. "कावळ्याला इतकी कलमं कळत नाहीत."

शेवटी चन्नबसप्पांनी चपला काढल्या, छत्री मिटून काखेत धरली आणि पिंडासमोर उभं राहून सभेत बोलावं तसं ते छापील मराठीत बोलले:

"नारायणराव, आपल्या मताचा पूर्ण आदर ठेवून, परंतु माझे मतभेद राखून, बॉम्बचा निर्णय घाईने होऊ नये, इतपत मला मान्य आहे."

कावळे खाली उतरले. वाक्य संपेपर्यंत पिंडाभोवती फिरले. मग एकामागून एक परत बाभळीवर गेले.

"'इतपत' पटलं नसावं," गुरुजी म्हणाले.

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. शामलालाही हसू आलं; ते तोंडापर्यंत येता येता भलतंच काही होऊ लागलं, म्हणून ती नदीकडं वळली. पाणी उथळ होतं. पलीकडं कोणीतरी म्हैस धूत होतं.

तिला ठाऊक होतं की चन्नबसप्पांनी पूर्ण शरणागती लिहून दिली असती, तरी कावळा आला नसता. म्हणजे, कावळ्यांवर विश्वास असता तर. शेवटच्या आठवड्यात ती बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. चीनची बातमी, दिल्लीतली भाषणं, लंडन आणि वॉशिंग्टनकडून मिळणाऱ्या संरक्षणाच्या हमीची चर्चा. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "शामे, चन्नबसप्पांचं बरोबर आहे गं. आपल्याला करावा लागेल." ती थांबली. त्यांनी एक डोळा उघडला. "त्यांना सांगू नकोस. डोक्यावर मिरे वाटतील माझ्या."

तिनं हो म्हटलं होतं. बाबांशी शेवटचं धड बोलणं झालं ते हेच. आणि आता ते वचन पाळावं, तर तो भात तिथं वाळत चालला होता.

"अप्पा," ती म्हणाली, "जरा इकडं येता?"

चन्नबसप्पा चपला घालून तिच्यामागून पाण्याच्या कडेला गेले.

"बाबांना जिंकायचं राहिलं नव्हतं, अप्पा. त्यांना हरायचं राहिलंय."

"म्हंजे काय, पोरी?"

तिनं सांगितलं. बाबांचे शब्द होते तसेच, फक्त मिऱ्यांचं वगळून.

ते खूश होतील असं तिला वाटलं होतं. निदान मिशीत हसतील. चन्नबसप्पांनी छत्री उघडली, मिटली. गुरुवारी सकाळी नारायणराव गेल्याचं कळल्यावर ते दारात आले होते, तेव्हाही त्यांचा चेहरा असा पडला नव्हता.

"मी तर रोज येत व्हतो," ते म्हणाले. "थंडीचं बोलत बसले माझ्यासंगं."

"तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

"मंजूर न्हाय." त्यांनी मान हलवली. "हे मंजूर न्हाय मला."

आणि ते तरातरा वळले.

"चपला! अहो, चपला!" गुरुजी ओरडले. या खेपेला चन्नबसप्पांनी त्या काढल्या नव्हत्या.

"नारायणराव, हे काय ऐकतोय म्या?" सभेची मराठी कुठल्या कुठं गेली होती. "लांब तिकडं वाळवंटात एक बार काय उडाला आन् तुम्ही खाली बसलात? इतकी वर्सं मला इचारलंत, रझाकार कशानं गेले. म्या पाणी प्यायला जायचो. तहान लागायची म्हणून न्हाय! उत्तर नव्हतं माझ्याकडं. उत्तर तुमच्याकडं व्हतं, आन् तुम्हीच ते सोडून दिलं? मला न इचारता?"

"हे उलटं बोलतायत," बाबूराव पुटपुटले.

"एकदा केला की थांबता येतंय व्हय? आज चीनचा बघून आपण, उद्या आपला बघून पाकिस्तान. मग त्याचा बघून आपण आणखी मोठा. आन् छोटे देश आज आपलं ऐकत्यात ते कशामुळं? बॉम्ब असून ऐकत्यात का? सांगा की! बोला की, नारायणराव!"

त्यांनी छत्री वर उचलली. बाबूराव त्यांना आवरायला धावले, गुरुजी चपलांकडं बघत राहिले, गोपाळकृष्णानं आभाळाकडं पाहिलं. म्हणून फक्त शामलाला दिसलं. एक कावळा मागच्या बाजूनं आला, चालत, अगदी सावकाश, आणि त्यानं पिंडात चोच घातली.

दुसरा आला, तिसरा आला, तेव्हा गुरुजींचं लक्ष गेलं.

"शिवला! शिवला!"

सगळ्यांनी हात जोडले. गोपाळकृष्ण धोतर सावरत पाण्याकडं पळालाच. त्याच्यामागून बाकीचे आंघोळीला उतरले. बाबूरावांनी जाता जाता चन्नबसप्पांच्या दंडाला हात लावला.

"झालं, चन्नबसप्पा. सुटले ते. चला आता."

"थांबा. माझं संपलं न्हाय."

पण थांबायला कोणी नव्हतं. कावळे भातावरून आपसांत भांडत होते. चन्नबसप्पा हात वर केलेल्या अवस्थेत तसेच उभे राहिले, पुढचं वाक्य कोणाकडं बघून बोलायचं ते न समजल्यासारखे.

शामला पायरीवर बसली.

"पण अप्पा," ती म्हणाली, आवाज नीट येतोय याची खात्री करून, "उद्या चिनी बासष्टसारखे पुन्हा तेजपूरच्या जवळ आले, तर त्यांना काय दाखवायचं? मॉस्कोचा करार?"

चन्नबसप्पा वळले. मग येऊन, छत्री बाजूला ठेवून, एक पायरी सोडून बसले आणि रुमालानं तोंड पुसलं.

"तिथंच तुमचं चुकतंय," ते म्हणाले.