सहा वॉट की दहा

शुभंकरला चार महिने एकाच प्रश्नाने पछाडलं होतं. घरातले फोटो, आवाज कायमचे साठवून ठेवायला जो छोटा सर्व्हर करायचा, त्यात प्रोसेसर सहा वॉटचा घ्यावा की दहाचा? वारज्याहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्याचा अंगठा मोबाइलवर तेच तक्ते वरखाली करत राही. सहावाला बिचारा गरीब स्वभावाचा, पण दोन डिस्क जोडल्या की धापा टाकणार. दहावाला दणकट, पण दिवसरात्र चालणार म्हटल्यावर बाबा गप्प बसतील? एकदाचं ठरलं असं वाटे आणि वाकडच्या पुलापर्यंत मन पुन्हा पालटे.

बाबा म्हणजे रंगनाथराव. वीज कार्यालयात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झाले, पण दिसेल ते बटण बंद करणं काही सुटलं नाही. सकाळी फिरायला निघताना वायफायचा डबासुद्धा त्यांच्या हातून वाचत नसे. अशा घरात कायम चालू राहणारं यंत्र आणायचं, तर ते मीटरला कळणारही नाही इतकं मिताहारी हवं, असं शुभंकरने मनाशी धरलं होतं. बाबांशी त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता.

खरं तर घाई होती. आई, यमुनाबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. तिने सुनेला फोनवर बोलून पाठवलेल्या चाळीस पाककृती, मध्येच खोकणं, मध्येच "ऐकतेयस ना गं?", हे सगळं आता फक्त एका जुन्या डिस्कवर उरलं होतं आणि ती डिस्क हल्ली टकटक करू लागली होती. ऑफिसातला एजाज वैतागला. नुसत्या दोन डिस्कच दहा वॉट खातील, तू चार वॉटांसाठी काय जीव काढतोस, आधी लॅपटॉपवर तरी उतरवून ठेव, म्हणाला. पण शुभंकरला तात्पुरतं काही नको होतं. करायचं ते एकदाच आणि नीट. बायको, उत्कर्षा, एवढंच म्हणाली की आपलं लग्न दोन भेटींत ठरलं होतं.

शेवटी एका रविवारी त्याने दहावाला मागवला. तो येईपर्यंत मात्र धीर धरवेना, म्हणून त्याने डिस्क लॅपटॉपला जोडली. सात पाककृती उतरल्या. आठवीला डिस्क अडखळली आणि थांबली ती थांबलीच. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि मान हलवून परत दिली.

आता बाबांना सांगणं भाग होतं. त्याने सगळं सांगितलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बंद करून टाकलं असतंत, बाबा."

रंगनाथरावांनी ती डिस्क हातात घेतली.

"खोलीत कोणी नसताना दिवा जळू नये, म्हणून मी बटणं बंद करतो रे," ते म्हणाले. "ती आत आहे एवढं सांगितलं असतंस, तर मी हात लावला असता का?"