लाल झेंडी आणि अर्धा गुण

मी एक जुनं, दोन तोंडांचं बुद्धिबळाचं घड्याळ आहे. मित्रांनो, मी सांगतो त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. न बसू दे!

मला घडवलं तेव्हा घड्याळजीची बायको म्हणाली होती, "दोन तोंडं? म्हणजे दुप्पट बडबडणार मेलं!" तसं काही नाही. दोन खेळाडू, दोन तबकड्या. चाल केली की आपली कळ दाबायची. आपला वेळ थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. वेळ संपला की लाल झेंडी पडते आणि डाव हातचा जातो.

पुष्कळ स्पर्धा पाहिल्या, पण ती शेवटची फेरी काही औरच! पांढऱ्या सोंगट्या गणिताच्या मास्तरांच्या, काळ्या डॉक्टरीणबाईंच्या. डाव बरोबरीत सुटला, तर मिळालेल्या अर्ध्या गुणावर मास्तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा देशाच्या संघात जाणार होते. बाई जिंकल्या तर करंडक त्यांचा.

"मास्तर, आज दयामाया नाही हं!"

"तुमच्याकडे इंजेक्शनाशिवाय मागावं तरी काय, बाई?"

बाईंनी हत्तीचा बळी देऊन असा हल्ला चढवला की पंचही खुर्चीतून उठले. मास्तरांचा राजा कोपऱ्यात गुदमरला. चाळीस मिनिटं मास्तर हलले नाहीत. मग त्यांचा वजीर थेट शत्रूच्या घरात शिरला आणि शह! बाईंचा काळा राजा डावीकडे पळाला तरी शह, परत फिरला तरी शह. ना त्याची सुटका, ना मास्तरांचा विजय; असा न संपणारा शह म्हणजे बरोबरीच. काय ती नजर, मित्रांनो!

पण पहिला शह दिला आणि मास्तर आपल्याच चालीवर इतके खूश, की हाताची घडी घालून बसले. कळ दाबायचीच राहिली! त्यांची उरलेली दोन मिनिटं भराभर गळू लागली.

मग मी काय केलं? श्वास कोंडला, झेंडी दातांत धरली आणि मास्तर भानावर येईपर्यंत सोडली नाही! डाव बरोबरीत सुटला. दोघांनी हात मिळवले, सभागृह टाळ्यांनी दणाणलं. म्हणून म्हणतो, जुन्या घड्याळाला अडगळ समजू नका. अधूनमधून चावी देत जा. ज्यानं मास्तरांना संघात...

"पुरे थापा, आजोबा!" खालच्या खणातून काळा राजा ओरडला. "पटावर मी होतो. झेंडी पडायला आली तेव्हा बाईच म्हणाल्या, 'मास्तर, कळ दाबा.' करंडक जातोय हे दिसत असूनही!"