कपाटातले नवे मास्क

या घरात नवी वस्तू आली की आधी कपाटात जायची. चादरी, टॉवेल, कपबशा, सगळ्यांना तोच न्याय. जुनं फाटेपर्यंत वापरायचं, फाटलं की रफू करून पुन्हा वापरायचं, आणि नवं जपून ठेवायचं. कशासाठी, ते कुणी विचारायचं नाही. कायदा काकूंचा होता. काकू शिवणकाम करायच्या. अर्धी गल्ली त्यांच्याकडून कपडे आटवून, सैल करून न्यायची. टाकून द्यावं असं काही जगात असतं, हेच त्यांना मान्य नव्हतं.

काका शाळेची बस चालवायचे. बसमधली मुलं काका म्हणायची म्हणून गल्लीही म्हणू लागली, आणि त्या आपोआप काकू झाल्या. काकांचं घोरणं हा गल्लीच्या करमणुकीचा विषय होता. बस घरी आणून चालू ठेवता का, असं शेजारी विचारायचे. हसणं थांबलं ते डॉक्टरांकडे. झोपेत यांचा श्वास रात्रभर अडकतो, त्यामुळे दिवसा डोळा लागतो, आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग उशाशी मशीन आलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवा. काका महिन्याभरात माणसात आले.

मशीन देणाऱ्याने बजावलं होतं की मशीन टिकेल, पण मास्क, नळी आणि फिल्टर दर काही महिन्यांनी बदला, चांगले दिसले तरी बदला. परगावी असलेल्या लेकीने ते मनावर घेतलं आणि नेमाने नवा खोका पाठवू लागली. काकू खोका उघडायच्या, आतला मऊ, पारदर्शक मास्क बघून हरखायच्या आणि चादरींच्या मागे ठेवून द्यायच्या. जुना मास्क त्या रोज सकाळी साबणाच्या पाण्यात धुवायच्या. पट्टा सैल पडला तेव्हा त्यांनी त्याला छानपैकी टीप मारली. कंपनीलाही असं जमलं नसतं, म्हणून काकांनी तो शेजाऱ्यांना दाखवला. लेक फोनवर विचारायची, "आई, मास्क बदललास ना?" काकू खुशाल हो म्हणायच्या.

पुढे काका पुन्हा पेंगायला लागले. डोळे लाल, तोंडात घास असताना जांभई. डॉक्टरांनी हवेचा दाब वाढवला, तर मास्कच्या कडेने हवा शिट्टी मारत बाहेर पडायला लागली. काकूंनी पट्टा आणखी आवळला. काकांच्या नाकावर वळ उठला. एवढं करून झोप येतेच म्हटल्यावर काकू वैतागल्या. रात्री टीव्हीसमोर बसता, वय झालंय हे मान्य करत नाही, असं त्यांनी काकांना चार वेळा ऐकवलं. काका कधी उलटून बोलले नाहीत.

एका दुपारी काका घरी आले आणि चपलाही न काढता खुर्चीत बसले. सिग्नलला पुढच्या सीटवरच्या छोटीने त्यांना हलवून सांगितलं होतं, काका, हिरवा झाला. मागच्या गाड्यांचे हॉर्न त्यांना ऐकूच आले नव्हते. सांगताना ते हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही.

काका आडवे झाल्यावर काकूंनी मास्क हातात घेतला आणि पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकाच्या कपड्यासारखा उजेडात धरून पाहिला. कड पिवळी पडून कडक झाली होती, एका कोपऱ्याला चीर गेली होती. पट्ट्यात ताण म्हणून उरला नव्हता, होती ती फक्त त्यांची टीप. असलं इलॅस्टिक त्यांनी कुणाच्या परकरालाही लावलं नसतं. त्यांनी चादरी बाजूला सारल्या. मागे खोक्यांची चळत होती. त्यांची त्यांनाच शरम वाटली.

त्या रात्री नवा मास्क, नवी नळी, नवा फिल्टर. ना शिट्टी, ना घोरणं. काकांना हे काही कळलंही नाही, इतके ते थकले होते. सकाळी ते आपणहून उठले, चहा ठेवला, काकूंच्या हातात कप दिला.

"किती दिवसांनी झोपलो गं," ते म्हणाले.

काकूंचा जीव भांड्यात पडला. पण बसची वेळ झाली, टळूनही गेली, तरी काका आपले चहाच पीत होते.

"अहो, बस?"

"काल चावी देऊन आलो."

तक्रार कुणीच केली नव्हती. सिग्नलचं काकांनी स्वतःच शाळेच्या ऑफिसात सांगितलं होतं. "वय झालं म्हटलं. तू म्हणतच होतीस."

काकूंनी कप खाली ठेवला. मग कपाटाचं दार सताड उघडून खोके दाखवले आणि सगळं सांगितलं. लेकीशी बोललेलं खोटंही लपवलं नाही. "वय नाही हो झालं तुमचं. हे मी केलंय. चला, ऑफिसात येते, माझ्या तोंडाने सांगते. चावी परत देतील."

काकांनी एक खोका उचलला, उलटसुलट करून पाहिला. ते रागावले असते तर काकूंना बरं वाटलं असतं.

"चावीचं राहू दे," ते म्हणाले. "मुलं होती गं बसमध्ये."