दोन पेढे आणि अर्धा

“प्रसाद म्हणजे काय खाणं आहे का, मॅडम?” ऑपरेशन थिएटरच्या दारात सुभद्राबाई भांडत होत्या. “प्रभादेवीला पहाटे रांग लावून आणलाय. तो नाही कसा द्यायचा?”

“किती खाल्ले?” भूल देणाऱ्या देविका मॅडमनी सुभद्राबाईंच्या नवऱ्याला विचारलं.

“दोन पेढे,” दत्ताराम पुटपुटले. “आणि अर्धा.”

“अर्धा कुठला?”

“हिच्यातला.”

मित्रांनो, मी ट्रेमध्ये पडून ऐकत होतो. मी परळच्या एका हॉस्पिटलातला जुना मास्क. एक वाकडी नळी आणि टोकाला फुगा, बास. पेशंट झोपला की मी त्याच्या घशात बसतो आणि माझ्यातून हवा आत जाते. मग मला धुवायचं, वाफेत तापवायचं, कार्डावर खूण करायची. चाळीस खुणा झाल्या की छुट्टी. माझ्या एकोणचाळीस झाल्या होत्या. लय थकलोय.

दत्ताराम लालबागच्या भजनी मंडळाचे बुवा. सुरमई साफ करताना काटा बोचला, हात पुवाने टम्म फुगला. आवाजाला धक्का नको म्हणून मॅडमनी मलाच काढलं होतं. मी घशाच्या तोंडाशीच थांबतो. दुसरी ती लांब नळी स्वरतंतूंमधून थेट श्वासनळीत घुसते. नंतर घसा दुखतो, आवाज बसतो.

पण पोटात पेढे. भुलेच्या झोपेत ते उलटून फुफ्फुसात गेले तर माणूस जातो. त्या लांब नळीचा फुगा श्वासनळीत घट्ट बसतो, पोटातलं आत उतरू देत नाही. माझ्याच्याने ते होत नाही. कितीही वाटलं तरी होत नाही.

“उद्या करूया?” दत्तारामनी विचारलं.

“पू वर चढतोय, काका. थांबता येणार नाही. नळी घालावी लागेल.”

“मग माझा आवाज?”

“तो येईल परत. आधी तुम्ही परत या.”

दत्तारामांच्या मिशीला लागलेला पेढा ज्यांनी पकडला होता, त्या थिएटरच्या आया शेवंतीमावशींनी सुभद्राबाईंना बाकावर बसवलं. मॅडमनी मला बाजूला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातून अभंग ऐकू आला. आवाज घोगरा, चिरका, पण होता. सुभद्राबाई म्हणाल्या, “जरा हळू, बाजूचे झोपलेत.”

तर मित्रांनो, डॉक्टरांनी उपाशी राहा म्हटलं की राहा. चुकून खाल्लंच, तर लाजू नका, खरं सांगा. ट्रेमधून मला ओरडता येत नाही.

आज सकाळी दुसऱ्या एका पेशंटवर चाळिसावी खूण झाली. शेवंतीमावशी कचऱ्याची लाल पिशवी उघडून उभ्या आहेत. मला आता निघायला पाहिजे.