ठरावाच्या बाजूने

आमच्या जळगावच्या वाचनालयात दरसाल वादविवाद होई. बावन्न साली विषय निघाला, 'फाशीची शिक्षा रद्द व्हावी.' आदल्या वर्षीचा विषय 'स्त्रियांनी सायकल चालवावी काय' असा होता. तेव्हा शहर प्रगती करीत होते, हे उघड आहे. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. छगन वकिलांच्या वाट्याला फाशी आली. त्यांचे स्वतःचे मत उलट होते, पण बक्षिसाची ढाल चांदीची होती.

सभेला कधी नव्हे ती गर्दी. पुढची सगळी सतरंजी यावलकडच्या माणसांनी भरलेली. केळीच्या रिकाम्या लॉरीतून बेबाबाईने त्यांना आणले होते. बांधाच्या भांडणात तिच्या मुलाच्या, जीवरामच्या हातून खून झालेला. हायकोर्टातही फाशी कायम झालेली. जळगावात फाशीवर मते घेणार, असे तिने बाजारात ऐकले. मतांनी राज्यसुद्धा बदलते, हे हिवाळ्यात पुढाऱ्यांनी तिला दारात येऊन सांगितले होते. तिने ते खरे मानले होते.

छगनराव रंगले. "खुन्याला जगू देणे म्हणजे मेलेल्याला पुन्हा मारणे!" टाळ्या पडल्या.

तिचा दीर कौतिक कुजबुजला, "वैनी, हा तं बुडवतो आपल्याले."

"बोलू द्या, भाऊजी. हात आपलेच जास्त हायेत."

अध्यक्षांनी ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. सतरंजी एकदम उभी राहिल्यासारखी झाली. बेबाबाईने दोन्ही हात वर केले. अध्यक्षांनी तिचा एकच धरला आणि ठराव मंजूर झाल्याचे सांगितले.

बेबाबाई उठली. "मंग साहेब, माह्या जीवरामले कधी सोडतीन?"

अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिले. चिटणिसांनी चहाकडे. शेवटी छगनरावच खाली आले.

"बाई, हे नुसतं बोलणं होतं. सरकारला यातलं काही कळवत नाहीत."

"नुसतं बोलनं?" ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "मंग त्याले मारा, असं तुमी कायले म्हनले, भाऊ?"

"मला तशी चिठ्ठी आली होती."

तासभर न अडखळलेला माणूस एवढ्यात दोनदा अडखळला. चहा फिरवला गेला. कोणी घेतला नाही.

कौतिकचा हात अजून वरच होता. खाली करा, असे त्याला कोणी सांगितले नव्हते.