पलीकडची बाजू

“रागावू नका हं, मी वजन डोळ्यांनीच करते!” धक्क्यावरून बोटीत उतरणाऱ्या एकेकाचा दंड धरत ती म्हणाली. “तुम्ही उजवीकडे. काकू, तुम्ही डावीकडे. नवराबायको वेगवेगळे बसा, भांडण घरी गेल्यावर.”

लोक हसले. देवमासे दाखवायला नेणारी ही बोट लहान. मासा ज्या बाजूला वर येई, तिकडेच सगळे धावत. म्हणून निम्म्यांना पलीकडे थोपवून धरायचं, हे तिचं काम. ते तिला असं साधलेलं की धक्क्यावर सगळे तिला तराजूताईच म्हणत.

मग एक हात पुढे आला, तो मात्र तिनं चेहरा न बघताच ओळखला. थोरला भाऊ. वडिलांचं दुकान सोडून ती बोटीवर आली, तेव्हा “लोकांना मासे दाखवून कुणाचं भलं झालंय?” म्हणत त्यानं बोलणं टाकलं होतं. मधल्या काळात दोघांचेही केस पिकले.

त्यानं बोटीत पाय ठेवला. बोट दबलीच नाही.

एवढा उंचापुरा माणूस, आणि बोटीला त्याचा पत्ताच लागला नाही.

“डावीकडे,” ती म्हणाली. आवाज तसाच ठणठणीत.

किनारा मागे राहिला, मग त्याचा निळा दोरा झाला, मग तोही उसवला. इंजीन बंद झालं. सगळे कान देऊन बसले. आणि कुणीतरी दमून सुस्कारा सोडावा तसा पाण्यातून श्वास आला.

“उजवीकडे! डावीकडच्यांनो, बसून राहा, तुमची पाळी येतेय!”

ती स्वतः नेहमीप्रमाणे डाव्या कठड्याला टेकलेली. देवमासा तिनं आजवर लोकांच्या खांद्यांमधूनच पाहिला होता.

“दादा, तू जा आता.”

“मी उठलो तर कलंडेल ना बोट?”

“तुझ्यानं नाही कलंडत.”

बोलून गेली. त्यानं मान वर केली.

“कळलं तुला?”

“पाय ठेवलास तेव्हाच.”

“डॉक्टरांना ढीगभर तपासण्या लागल्या,” तो हसला. “चिमणे, तू दवाखानाच काढायला हवा होतास.”

“काय म्हणतात?”

“त्यांचे उपाय संपले म्हणतात.”

पाणी बोटीला थोपटत राहिलं.

“तू कधी जातेस तिकडे, मासा बघायला?” त्यानं विचारलं.

“मी गेले तर इकडे कोण?”

“मी आहे की.”

“तू एकटा पुरायचा नाहीस, दादा.”

त्यानं मान वळवली आणि दुकानातला तो जुना आवाज लावला. “अहो, लाल जाकीटवाले! हो, तुम्हीच. तुमचं झालं बघून. या, बसा माझ्याजवळ. माझ्या बहिणीला बघू द्या.”

जाकीटवाला मुकाट्यानं आला. ती गेली.

काळी पाठ वर आली, येतच राहिली. दिवसभर जिचं तोंड थांबत नसे, तिला शब्द सापडेना.

“चिमणे, दिसतंय का काही?”

“दिसतंय.”

“मग सांग की! तिकीट कशाचं घेता?”

ती सांगू लागली. पाठ कशी चकाकते, शेपूट कसं सावकाश उभं राहतं, पाणी कसं पडद्यासारखं गळतं. सांगताना एकदा तिनं मागे पाहिलं. त्याच्यासमोर नुसत्या लोकांच्या पाठी, आणि तो दोन्ही पाय रोवून, फळी घट्ट धरून, तिची बाजू सांभाळत बसला होता.